पांढरे गहूमणी

१. रुमाल

सिंधूताईंनी रुमालाची गाठ सोडली आणि भरल्या घरातलं बोलणं एकदम थांबलं. रुमालात सोनं असायला हवं होतं. निघाले ते पांढुरके, मळकट मणी.

परवावर त्यांच्या नातीचं, गौतमीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आलं होतं. वरवट बकालच्या त्या घरात दुपारपासून माणसांची ये-जा चालली होती. आजीची गहूमण्यांची पोत नातीच्या गळ्यात घालायची हे नातीच्या जन्मापासून ठरलेलं. गव्हाच्या दाण्याच्या घाटाचे भरीव मणी, लाल दोऱ्यात ओवलेले. सिंधूताईंच्या नवऱ्याने जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी वाहून एकेक मणी जोडला होता. तो माणूस गेला, पण त्याच्या पाठीची मेहनत त्या दोऱ्यात राहिली, असं सिंधूताई म्हणत. आज त्यांनी आतल्या अंधाऱ्या खोलीतल्या गव्हाच्या कोठीतून पोत काढली, चाचपून रुमालात बांधली आणि बैठकीत सगळ्यांसमोर उघडली. डोळ्यांत मोतीबिंदू, तरी त्यांनाही दिसलं.

"हे माह्यं सोनं नोहे," त्या म्हणाल्या.

त्यांचा मुलगा प्रेमानंद एसटीच्या आगारात मेकॅनिक. त्याने पोत उचलून उजेडात धरली. दोऱ्याला राखेसारखी काही भुकटी चिकटली होती, ती त्याने फुंकून टाकली. त्याचे चुलते पुंजाजीकाका खुर्चीत पुढे सरकले आणि त्यांनीही ती हातात घेऊन पाहिली. प्रेमानंदची बायको समता चहाचा ट्रे घेऊन दारात होती, ती तशीच उभी राहिली. आणि मग सगळ्यांनी जिच्याकडे पाहिलं ती महामाया.

महामाया ही घरातली थोरली लेक. जळगाव जामोदला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची. घरात ताप आला की ताईला फोन, भांडण झालं की ताईला फोन, मोबाईल पाण्यात पडला तरी ताईलाच फोन. अशाने माणसाला आपल्याला सगळंच कळतं असं वाटायला लागतं, आणि महामायेला तर ते फार आधीपासून वाटत होतं. एरवी ती माहेरी वऱ्हाडीच बोलायची. पण शेवटचा शब्द आपला असावा असं वाटलं की तिच्या तोंडी वर्गातली भाषा यायची.

"हे पाहा," ती म्हणाली, "सोनं हा सगळ्यात हट्टी धातू आहे. तो गंजत नाही, काळा पडत नाही, साध्या ॲसिडला जुमानत नाही. हजार वर्षं मातीत पुरलं तरी पिवळंच निघतं. म्हणजे सोनं बदललेलं नाही. कोणीतरी ते बदललं आहे."

एवढं बोलून ती थांबली असती तरी खूप झालं असतं. पण तिने पुढे विचारलं, "या कोठीला कोणाकोणाचा हात लागला?"

बसलेली माणसं एकमेकांच्या हातांकडे पाहू लागली.

२. तीन हात

पुंजाजीकाकांचं म्हणणं पडलं, पोलिसात जावं. प्रेमानंद म्हणाला, "घरची गोष्ट घरात. ताई पाह्यते ना." ताईने मान हलवली. खरं सांगायचं तर तिला आतून जरा बरंच वाटलं. आईचं सोनं गेल्याचं दुःख होतंच, पण आपण हे उलगडणार याचं सुख त्या दुःखाच्या शेजारी येऊन बसलं होतं. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या सुखाची.

आधी तिने आईला विचारलं, "माय, तू ठेवली कवा अन् कुठं?"

"यंदा गहू भरला तवा. भीमजयंतीच्या वक्ताले, तूबी होती इथं. त्याच्या पह्यले कपाटात होती."

"कोठीत कुठं पण?"

"जिथं कोनी हात लावत नाही तिथं," सिंधूताई म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसायला लागल्या. कोठीच्या तळाशी, असा अर्थ महामायेने घेतला आणि पुढे गेली.

पहिला संशय सोनारावर. मागच्या वर्षी पोत नव्या दोऱ्यात गाठवून आणली होती ती बाजारातल्या ऋत्विककडून. बाप गेल्यापासून दुकान तोच चालवायचा. काचेचं दार, एसी, आणि माल सगळा बाहेरून घडवून आणलेला. कधीकाळी तो महामायेच्याच वर्गात मागच्या बाकावर बसायचा.

"मॅडम, आजी समोर बसून होत्या," तो म्हणाला. "मणी मोजूनच देल्ले अन् मोजूनच घेतले. डोळ्याची पापनी नाही लवली त्यायची. तुमी माल आना ना, पाह्यतो मी."

पण निघताना प्रेमानंदने बजावलं होतं, ज्याच्यावर संशय त्यालाच माल दाखवायचा नाही. महामायेलाही ते पटलं होतं. तिने पोत पर्समध्ये असूनही काढली नाही. ती विचार करत होती की सिंधूताईंच्या डोळ्यांदेखत अदलाबदल करणारा माणूस अजून जन्मायचा आहे, आणि नंतरही वर्षभर पोत कपाटात पिवळी धमक होतीच. सोनार सुटला.

दुसरी बेबीताई. शेजारची बाई, धान्य निवडायला, चाळायला, कोठ्या भरायला दरवर्षी तीच यायची. तिला बोलावलं तर ती ओटा ओलांडून आत आलीच नाही.

"माह्यावर काही घेऊ नका बाप्पा," ती दारातूनच म्हणाली. "म्या गहू चाळून देल्ला, भरला तुमच्या मायनं. मले तं ज्वारीचं सांगाचं होतं. ज्वारीच्या कोठीत यंदा सोंडेच सोंडे झाले. किडीच्या टिकड्या टाकल्याच नाही जशा कोनं. दरसाल दोन्ही कोठ्यायत टाकतात."

"ज्वारीचं राहू दे. गव्हाच्या कोठीत कोणाला हात घालताना पाहिलं?"

बेबीताईने मान खाली घातली. "आता खोटं कायले बोलू. मांगच्या हप्त्यात समता काढून राह्यली होती काही. कोपरापर्यंत हात होता तिचा कोठीत."

महामायेला हवं होतं ते मिळालं. ज्वारीतले सोंडे तिच्या डोक्यातून त्याच क्षणी गेले. ते जायला नको होते.

३. खामगावची चांदी

समता स्वयंपाकघरात होती. गॅसवर चीक शिजत होता, कुरडयांचा. ती तो घोटत होती आणि महामाया आत आली तरी तिचा हात थांबला नाही.

"कोठीत हात कशाला घातला होतास?"

"गव्हासाठी. कुरडयाचा गहू भिजू घालाचा होता. वरचा गहू बारीक आहे, बुडातला टपोरा."

"पोत हाताला लागली नाही?"

"नाही. टिकड्यायची पुरचुंडी तेवढी लागली. तुमी मना केलं होतं म्हनून हात वढून घेतला."

"मागच्या महिन्यात खामगावला गेली होतीस."

"बाबा दवाखान्यात होते. तुमाले फोन केलता, ताई."

फोन केला होता. महामायेला आठवतही होतं. पण तिच्या डोक्यात आता सगळं जुळत चाललं होतं, आणि जुळणाऱ्या गोष्टीचा मोह वाईट असतो. पांढरा धातू म्हणजे चांदी. चांदीचं काम पाहावं तर खामगावचं, जिल्ह्यात पोराबाळांनाही ठाऊक. समता खामगावची लेक. ती खामगावला जाऊन आली, तिचा हात कोठीत होता, आणि मणी पांढरे निघाले. फळ्यावर मांडावं असं सोपं गणित.

ती बैठकीत आली. सगळे बसलेलेच होते. तिने एकेक पायरी नीट सांगितली, वर्गात सांगायची तशी. सोनार का नाही, बेबीताई का नाही. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र तिने ते घेतलं नाही. "बाकी तुम्ही समजून घ्या," एवढंच म्हणाली.

समता पदराला हात पुसत दारात आली होती.

"ताई, तुमाले जे वाटते ते तोंडानं म्हना."

उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ते हेच. महामाया म्हणाली, "तसेच मणी खामगावहून चांदीचे करून आणलेस. सोन्याचं काय केलंस ते तू सांग."

पुंजाजीकाकांनी घसा साफ केला. प्रेमानंद जमिनीकडे पाहत राहिला. इतकी वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिच्यासाठी त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही, कारण ताई सांगत होती आणि ताई शिकलेली होती. सिंधूताई पुन्हा पदराने तोंड पुसायला लागल्या.

समता रडली नाही. आत गेली, गॅस बंद केला, चिकाच्या भांड्यावर झाकण ठेवलं, आणि पिशवीत दोन साड्या घालून खामगावच्या गाडीला निघाली. गौतमी तिच्यामागे रस्त्यापर्यंत पळत गेली. परत आली ती आत्यासमोर उभी राहिली.

"आत्या, आई नसली तं मी साक्षगंधाले उभी नाही राह्यत. पाहुन्यायले काय सांगाचं ते तुमीच सांगा."

मग तिने आतून कडी लावून घेतली.

४. काटा

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाजीकाका पुन्हा आले. म्हणाले, प्रकरण तुटेपर्यंत ताणायचं तर हातात काहीतरी पुरावा हवा. मणी चांदीचे आहेत असं जाणत्याने सांगायला हवं. सोनार आता संशयातून सुटलेलाच होता, तेव्हा महामाया पोत घेऊन ऋत्विककडे गेली.

त्याने पोत काट्यावर ठेवली. आकडा पाहिला, उचलली, काटा पुसला, परत ठेवली.

"काऊन?" महामायेने विचारलं.

"मॅडम, गाठवली तवा पावनेदोन तोळे होती, मले चांगलं याद आहे. आता जास्त भरून राह्यली. थोडीशीच, पन जास्त."

महामाया काट्याकडे पाहत राहिली. एसीत बसूनही तिचे कान गरम झाले.

सोनं फार जड असतं. तेवढ्याच आकाराचा चांदीचा मणी करा, तो सोन्याच्या निम्म्याच्या जरा वर भरतो. हे ती दरवर्षी पोरांना सांगायची, दोन सारखे ठोकळे हातात देऊन सांगायची, आणि पोरं हात खाली गेल्यासारखा करून हसायची. ही पोत चांदीची असती तर एक तोळ्याच्या आसपास भरली असती. मणी तेच, आकार तोच, आणि वजन कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं. बदलून पळणारा चोर वरून भर घालून जातो का?

जगात सोन्याइतके जड पांढरे धातू आहेत, पण ते खेड्यातल्या कोठीत आणून ठेवणारा चोर वेडाच म्हणायचा. तेव्हा सोनं गेलेलंच नव्हतं. ते आत होतं, आणि त्याच्यावर आणखी काहीतरी बसलं होतं.

आणि ही गोष्ट कळायला काटाही लागत नव्हता. काल पोत एकदा तळहातावर घेतली असती तरी कळलं असतं. प्रेमानंदने घेतली, पुंजाजीकाकांनी घेतली. तिने ती पर्समध्ये टाकली, तीही रुमालासकट. तिला तपासायचं नव्हतं. तिला सांगायचं होतं.

"मॅडम, कसोटीवर घासून पाहू का? नाही तं तापवून पाह्यतो," ऋत्विक म्हणाला आणि गॅसची बत्ती ओढायला वाकला.

"तापवू नको," ती एवढ्या जोरात म्हणाली की तो दचकला. का नको ते तिला अजून पुरतं उमगलं नव्हतं, पण हात मात्र पुढे गेला होता. "दे इकडे. आणि हात साबणाने धू."

५. हातची अंगठी

घरी आली तर सिंधूताई ओट्यावर बसून बोट चोळत होत्या. उजव्या हातात त्यांची एक बारीकशी सोन्याची अंगठी होती. सांधे सुजल्यापासून ती निघत नसे. दोनदा साबण लावून पाहिला होता, तेल लावून पाहिलं होतं, ती बोटाचीच झाली होती.

"पाह्य वं बाई," त्या म्हणाल्या, "हे काय लागलं? निंगतच नाही."

अंगठीवर पांढरा डाग होता. अर्धी अंगठी पिवळी, अर्धी पोतीसारखीच पांढुरकी.

हातच्या कंकणाला आरसा कशाला? ही अंगठी कोणी खामगावला नेली नव्हती. ती बोटातून निघालीच नव्हती. महामाया आईजवळ खाली बसली. तिने आईचा हात मांडीवर घेतला आणि कालपासूनचे सगळे तुकडे एकेक करून समोर आले. दोऱ्याला चिकटलेली राखेसारखी भुकटी. ज्वारीत झालेले सोंडे. जिथं कोणी हात लावत नाही ती जागा.

"माय, पोत कशात बांधली होती तू? खरं सांग."

सिंधूताईंनी हात तिच्या मांडीवरून काढून घेतला.

"टिकड्यायच्या पुरचुंडीत," त्या शेवटी म्हणाल्या.

धान्याला कीड लागू नये म्हणून कोठीत पारदच्या टिकड्या टाकायच्या ही घराघरांतली रीत. टिकडीत बारीक खलून पारा बसवलेला असतो, त्याची वाफ सोंड्यांना भोवते. फडक्यात बांधून धान्यात ठेवतात, दळणाआधी काढतात. सिंधूताईंनी यंदा दोन्ही कोठ्यांच्या टिकड्या एकाच फडक्यात ओतल्या होत्या, पुरचुंडी चांगली मोठी व्हावी म्हणून, आणि मधोमध पोत खुपसली होती. उन्हाळाभर पत्र्याखाली, पत्र्याच्या कोठीत, टिकड्यांचा भुगा होत गेला आणि पोत त्यात पडून राहिली. साध्या हवेत पातळ राहणारा धातू एकच, पारा, आणि सगळ्यात हट्टी सोन्याला तो मात्र आपल्यात ओढून घेतो. खाणीतल्या मातीतून सोनं वेचायला माणसं तोच वापरत आलीत. हे महामाया शिकवायची. परीक्षेतही विचारायची.

"पण त्याच्यात काऊन ठेवली, माय?"

"तूच तं म्हनली होती." सिंधूताईंच्या आवाजात तक्रार नव्हती, आश्चर्य होतं. "जयंतीले आली होती, गौतमीनं टिकडी हातात घेतली तं केवढी खेकसली तू. विष आहे म्हनली. पुरचुंडीले कोनी हात लावाचा नाही म्हनली. म्या म्हटलं, मंग याच्यावानी जागा नाही. चोरबी हात लावनार नाही."

तो प्रसंग महामायेला जसाच्या तसा आठवला. आईने तेव्हा विचारलं होतं, "विष म्हंजे कसं वं? काय करते ते?" आणि ती म्हणाली होती, "तुला काय समजणार ते, तू फक्त हात लावू नको." दोन वाक्यं जास्त बोलली असती. सोनं जवळ नेऊ नका, एवढं एक बोलली असती. बाई लिहायला-वाचायला शिकली नव्हती, म्हणून लेकीने तिला कारण सांगायचं सोडून हुकूम सांगितला होता.

"कपाट होतं ना, माय. कपाटातून काढली कायले? कोनापासून लपवाची होती?"

सिंधूताईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे आज कोणी नव्हतं. चिकाचं भांडं कालचं तसंच झाकलेलं होतं.

"किल्ली तिच्याजवळ राहे," त्या हळू म्हणाल्या. "तिनं कधी काही केलं नाही. मनच माह्यं खोटं. काल तू तिचं नाव घेतलं तवा म्या बोलाले पाह्यजे होतं. पन मंग सांगा लागलं असतं, म्या तिच्यापासून लपवली म्हनून."

चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकली होती. इथे तर चोर नव्हताच, आणि फाशी मात्र देऊन झाली होती.

६. एक मणी

ती पुरचुंडी महामायेने काचेच्या झाकणाच्या बरणीत बंद केली, आईचे हात धुवून दिले, त्या कोठीतला गहू कोणी दळायचा नाही म्हणून प्रेमानंदला सांगितलं. या वेळी का, तेही सांगितलं. मग पोत घेऊन ती जळगाव जामोदला गेली. कॉलेजला सुट्टी होती. प्रयोगशाळेत धूर बाहेर ओढणारं एक जुनं काचेचं कपाट आहे, त्याचा पंखा खडखड वाजतो पण ओढतो. पाऱ्याची वाफ ना दिसते ना तिला वास येतो, आणि छातीत गेली तर माणसाला आतून खाते. सकाळी ऋत्विकच्या बंद एसीच्या खोलीत बत्ती पेटली असती तर आणखी एक पाप माथी आलं असतं.

तिने एकच मणी कपाटात तापवला. पांढरेपणा हळूहळू उडाला. मणी पिवळा झाला, पण पहिल्यासारखा नाही. फिका, खरबरीत, देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यासारखा. तिची खात्री पटली. आनंद कसला तो झाला नाही.

दुपारी ती खामगावला पोचली. समता वडिलांच्या उशाशी बसली होती. महामायेने सगळं सांगितलं, आईचंही सांगितलं, मणी दाखवला, आणि म्हणाली, "माझं चुकलं, समता. घरी चल."

समताने मण्याकडे पाहिलं नाही.

"इथं चार भिंतीत माफी मांगून राह्यल्या, ताई. अन् म्हनलं तं सगळ्यायसमोर. ज्यायच्यासमोर म्हनलं त्यायच्यासमोर सांगा. पोरीसाठी मी येईन उद्या. तुमच्यासाठी नाही."

साक्षगंधाच्या दिवशी मांडव भरला. व्याही आले, पुंजाजीकाका आले, बेबीताई आली, आणि खामगावची गाडी उतरून समता आली ती पाहुण्यांच्या ओळीत बसली. बुद्धाच्या मूर्तीसमोर मेणबत्त्या लागल्या, सगळे वंदनेला उभे राहिले. दुसऱ्याचं न दिलेलं घेणार नाही हे पंचशीलातलं दुसरं शील झालं. तेव्हा दोन-चार माना समताकडे वळल्या आणि महामायेने ते पाहिलं. खोटं बोलणार नाही या चौथ्या शीलाला सगळ्यांचे आवाज एका सुरात लागले, तिने मात्र ते म्हटलं नाही.

वंदना संपली. बसायच्या आधी ती पुढे आली. 

"परवा मी या घरात समतावर चोरीचा आळ घेतला," ती म्हणाली. "तो खोटा होता. चोरी झालीच नाही. पोत पाऱ्याच्या टिकड्यांत राहिली म्हणून पांढरी पडली. सोनं बदलत नाही म्हणून मी छातीठोकपणे सांगितलं, आणि पाऱ्याने ते बदलतं हे मीच शिकवते. मी वजनसुद्धा करून पाहिलं नाही. पोत तिथे ठेवली गेली तीही माझ्यामुळे..."

"तिच्यामुळं नाही," मागून आवाज आला. सिंधूताई खांबाला धरून उठल्या होत्या. "म्या ठेवली. सुनीपासून लपवाले ठेवली. तिचा काही दोष नसता ठेवली."

मांडवात चुळबुळ झाली. प्रेमानंद उठला, बायकोजवळ जाऊन उभा राहिला. समताने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती उठून पुढे आली. ताटात पांढरी पोत काचेच्या डबीत बंद करून ठेवलेली होती, आणि शेजारी कागदावर तो एक फिका पिवळा मणी. समता मण्याजवळ वाकली.

"ताई," तिने विचारलं, "हा आता पोरीच्या गळ्यात चालते का? पारा पुरा गेला का याच्यातला?"

सगळ्यांनी महामायेकडे पाहिलं, परवा पाहिलं होतं तसंच. सवयीने तिच्या ओठांवर वाक्य आलंसुद्धा. इतकं तापमान, इतकी वाफ, आता काही धोका नाही. वर्गातलं, स्वच्छ, ठाम वाक्य. ते तिने गिळलं.

"मले नाही माहीत, समता," ती म्हणाली. "तपासून घ्या लागीन. तोवर नको घालू."

समता तिच्याकडे पाहत राहिली. त्या नजरेत राग असता तर महामायेला सोपं गेलं असतं.

"हे परवाच म्हनलं असतं तं," समता म्हणाली.

मग तिने स्वतःच्या गळ्यातली साधी पोत काढली, लेकीच्या गळ्यात घातली आणि मागे गाठ मारून दिली. व्याह्यांपैकी कोणीतरी हार पुढे केले. महामायेने ताट उचललं आणि ते ठेवायला आत निघाली. वाटेत बसलेल्या बायकांनी पाय आखडून तिला जागा करून दिली.